चिलटांमधला वोल्बाकिया : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२३

कोल्हापुरात पकडलेल्या चिलटांच्या पेशींत वोल्बाकिया हा जीवाणू आहे का ते पाहायचं, असला तर प्रतिजैविक देऊन काढायचा, आणि मग जीवाणूवाल्या नि बिनजीवाणूच्या चिलटांचे क्रॉस, म्हणजे ठरवून जुळवलेल्या नर-मादीच्या जोड्या, लावून किती अंडी फुटतात ते मोजायचं, असा एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींचा प्रकल्प होता. मार्गदर्शक मी. अंडी मोजण्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. मध्येच अडकलो, आणि जिथे अडकलो तिथे आपल्याकडची चिलटं घेऊन काम करणारं कुणीही अडकू शकतं. पीसीआर मशीन (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणारं), त्या प्रती पाहायचं जेल आणि साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप एवढ्यावर हे काम करू पाहणाऱ्यांसाठी तारखांसकट लिहिते आहे.

१२ जून

फळबाजारात सापळे लावायला गेलो. ‘फळमाशी पकडायची आहे’ म्हटल्यावर फळवाल्याने आतून अळी पडलेला आंबा काढून दाखवला. त्याचं बरोबर होतं. शेतकऱ्याची नि व्यापाऱ्याची फळमाशी म्हणजे आंब्यात, दोडक्यात अंडी घालणारी मोठी माशी. पाठ्यपुस्तकांनी तेच नाव ड्रॉसोफिलाला दिलंय, त्याचा हा घोळ. आम्हाला हवी होती ती पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी. ‘मग चिलटं म्हणा की मॅडम, हवी तेवढी न्या,’ म्हणाला. तेव्हापासून आम्हीही चिलटंच म्हणतो.

सापळा साधा. जॅमच्या बाटलीत कुस्करलेलं केळं, वर चिमूटभर यीस्ट, तोंडाला कागदाचं नरसाळं. तीन बाटल्या, दोन दिवस.

१६ जून

खाद्य : एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर, आणि बुरशी येऊ नये म्हणून ७.५ मिली प्रोपिओनिक आम्ल. आमचे लॅबचे मामा रवा गुठळी न होऊ देता शिजवतात, त्यामुळे ती काळजी नव्हती. चूक माझी झाली. आम्ल मी पातेलं गॅसवर असतानाच ओतलं आणि त्यातलं बरंचसं वाफेबरोबर उडून गेलं. तिसऱ्या दिवशी ४० पैकी २६ कुप्यांवर करडी बुरशी. बाहेर पावसाळी हवा, म्हणजे बुरशीला आयतंच. आता पातेलं उतरवून, बाहेरून हात लावता येईल इतकं निवलं की मगच आम्ल घालतो. त्यानंतर सबंध पावसाळ्यात एकही घाणा गेला नाही.

२८ जून

पकडलेल्या माद्या बाहेरूनच जुगून आलेल्या असतात. म्हणून एका कुपीत एकच मादी ठेवायची. तिची जी प्रजा होईल ते एक घराणं. २२ माद्या ठेवल्या, १४ घराणी टिकली. पहिल्या मोजणीत ईथर जास्त झाला आणि तीसेक चिलटं गेली. बेशुद्ध चिलटाचे पंख अंगाला चिकटून असतात. पंख ताठ उभे राहिले की ते मेलं. बर्फाच्या पॅकवर पेट्री डिश ठेवून चिलटं गार करणं त्याहून सोपं पडतं, आम्ही त्यावरच आलो.

९ जुलै

सकाळी साडेआठला दोघींपैकी एकीचा फोन : ‘मॅडम, सात नंबरच्या घराण्यात नरच नाहीत. सगळ्या माद्या.’

तिचा आनंद मला समजत होता. वोल्बाकिया काही कीटकांत नर-पिल्लं मारून टाकतो, हे तिने नुकतंच वाचलं होतं. मीही लगबगीने गेले. कुपी पाहिली, खरंच, काळ्या बुडाचं एकही चिलट नाही. नराचं पोट मागच्या टोकाला काळं असतं, असं आम्ही सगळेच शिकलोय नि शिकवतोय. मग पाच नंबर पाहिला, तिथेही नाही. अकरा नंबर, तिथेही नाही. चौदाच्या चौदा घराण्यांत नर नाहीत असं कसं होईल? नर नसते तर दुसरी पिढी आली कुठून?

एकेक चिलट उताणं करून पुढचे पाय पाहायला लागलो. निम्म्या ‘माद्यां’च्या पुढच्या पायांवर काळ्या राठ केसांच्या फण्या निघाल्या, पायाला आडव्या, एकाखाली एक ओळीने. नरच ते. मेलॅनोगॅस्टरमध्ये, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या ड्रॉसोफिलात, ही फणी एकच असते नि पायाच्या लांबीला धरून असते. आमची चिलटं मेलॅनोगॅस्टर नव्हतीच. ती अननासी होती, ड्रॉसोफिला अननासी, आपल्याकडे घरोघर सापडणारी. तिचा नर मादीसारखाच पिवळट-तपकिरी, काळ्या बुडाशिवायचा. आपल्या भागात चिलटं पकडणार असाल तर रंगावर जाऊ नका, पाय पाहा.

त्या दिवशी ‘जात वेगळी आहे, चालेल, वोल्बाकिया हिच्यातही असतो’ एवढंच वहीत लिहिलं आणि पुढे गेले. जात कळल्यावर त्याच संध्याकाळी तिच्याबद्दल वाचायला बसले असते तर पुढचे अडीच महिने वाचले असते. मुलींचे ते महिने गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

१७ जुलै

डीएनए काढायची पद्धत फारच स्वस्त आहे. ट्रिस, ईडीटीए, मीठ नि प्रोटिनेज के यांच्या ५० मायक्रोलिटर द्रावणात एक चिलट पिपेटच्या टोकाने चिरडायचं, ३७ अंशांवर अर्धा तास, मग ९५ अंशांवर दोन मिनिटं. महागडं किट लागत नाही.

प्रायमरच्या, म्हणजे कुठल्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या, दोन जोड्या मागवल्या. एक वोल्बाकियाच्या आवरणातल्या डब्ल्यूएसपी प्रथिनाच्या जनुकासाठी, ८१-एफ आणि ६९१-आर. बँड, म्हणजे त्या प्रतींचा जेलवर चमकणारा पट्टा, साधारण ६०० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). दुसरी चिलटाच्या स्वतःच्या सीओ-१ जनुकासाठी, ७०० च्या जरा वर. ही दुसरी जोडी सोडू नका. डब्ल्यूएसपीचा बँड आला नाही तर जीवाणू नाही की डीएनएच नीट निघाला नाही, ते तिच्यावरून कळतं. दोन्ही जोड्या कुरियरसकट १,९५० रुपये.

पहिलं जेल लखलखीत. चौदाही घराण्यांत बँड. आणि नुसतं पाणी घातलेल्या नळीतही बँड.

१८ ते २५ जुलै

पूर्ण आठवडा गेला. पाणी बदललं, प्रायमर नव्याने पातळ केले, तरी पाण्यात बँड आहेच. शेवटी धाकटीने विचारलं, ‘मॅडम, जेलमध्ये माल भरतो तीच पिपेट पीसीआर मांडायला वापरतो ना आपण?’ होय. तयार झालेल्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती पिपेटच्या नळकांड्यात बसलेल्या, आणि त्या प्रत्येक नव्या नळीत पडत होत्या. एक पिपेट फक्त पीसीआर मांडण्यासाठी बाजूला काढली, तिला लाल चिकटपट्टी लावली. ती जेलच्या टेबलावर येत नाही, जेलवाली तिकडे जात नाही. पाण्याची नळी साफ झाली.

खरा निकाल : १४ पैकी ११ घराण्यांत बँड. क्रमांक ३, ९ आणि १२ मध्ये नाही, सीओ-१ मात्र सगळीकडे. दोन नमुने सिक्वेन्सिंगला पाठवले, दोन्ही बाजूंनी वाचून १,८०० रुपये. डब्ल्यूएसपी वोल्बाकियाचाच निघाला आणि सीओ-१ अननासीचा. फळ्यावर लिहिलं : ‘११ बाधित, ३ निरोगी’. फोटोही काढला.

२ ऑगस्ट

टेट्रासायक्लिन. प्रमाण खाद्याच्या दर मिलीला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे पाव लिटरला ६२.५ मिलिग्रॅम, आधी थोड्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवून. आम्लाच्या वेळची चूक मुलींनी लक्षात ठेवली होती, औषध खाद्य कोमट झाल्यावरच घातलं. पण भरलेल्या कुप्या खिडकीजवळच्या फळीवर राहिल्या. हे औषध उजेडात टिकत नाही. चार दिवसांत खाद्याचा रंग गडद झाला. सगळं फेकून ७ ऑगस्टला पुन्हा केलं, या वेळी कुप्या खोक्यात, खोकं कपाटात.

२३ ऑगस्ट

औषधावरची पहिली पिढी. अळ्या रेंगाळतात, कोश व्हायला चार-पाच दिवस जास्त लागतात, संख्याही कमी. घाबरू नका, पण कुप्या नेहमीच्या दुप्पट मांडा. आम्ही मोजक्याच मांडल्या होत्या नि पाच नंबरचं घराणं संपता संपता राहिलं.

११ सप्टेंबर

दुसरी पिढी. घराणं ७, दहा चिलटं, दहाही बँड. घराणं ५, तेच.

१९ सप्टेंबर

गणपती. कॉलेज बंद, पण कुप्या बदलायला कुणीतरी हवं. मामा आरती उरकून दुपारी आले आणि ६० कुप्यांवर नवं खाद्य चढवून गेले. त्यांनी ते केलं नसतं तर या नोंदी इथेच थांबल्या असत्या.

औषध कमी पडतंय असं ठरवून तिसरी पिढीही औषधावरच घेतली. औषधाची नवी बाटली आणली, ९०० रुपये.

४ ऑक्टोबर

तिसरी पिढी. बँड पहिल्याइतकाच ठळक. मुली रडकुंडीला आलेल्या. मोठी म्हणाली, ‘मॅडम, आमचंच काहीतरी चुकत असणार.’ पाण्याची नळी स्वच्छ, घराणं ३ स्वच्छ, म्हणजे मिसळ नाही. टाकने (पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या विकराने) काम सोडलं की काय म्हणून टाकचं दुसरं किट मागवलं, ३,४०० रुपये. तो खर्च वाया गेला, कारण टाक उत्तमच होतं.

इथे एक सांगून ठेवते. बँडच्या ठळकपणावरून जीवाणू ‘अजून भरपूर आहे’ असा अर्थ आम्ही काढत होतो. प्रती वाढवण्याच्या ३५ चक्रांनंतर साध्या पीसीआरमध्ये थोडं काय नि फार काय, शेवटी दोन्ही सारखंच चमकतं. त्या बँडमधून ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच कळतं, तेही कशाबद्दल ते नीट पाहून.

१० ऑक्टोबर

जीवाणू डोळ्यांनीच पाहायचा ठरवला. आमच्याकडे फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नाही. शेजारच्या शहरातल्या एका विभागाने एक दुपार दिली, डॅपी रंगही (डीएनएला चिकटून निळा चमकणारा) त्यांचाच. घराणं ७ च्या दोन गटांतल्या माद्या नेल्या, एक औषध कधीच न दिलेला, दुसरा तीन पिढ्या दिलेला.

मिठाच्या पाण्यात मादीचं पोट दोन चिमट्यांनी हलकेच ओढलं की अंडाशय बाहेर येतात, केळीच्या फण्यांसारखे, एका देठाला लगटलेले. धाकटीचा हात स्थिर आहे, तिने पाचव्या मादीपासून एकही फाडला नाही. फिक्स केलं, डॅपीत दहा मिनिटं, धुतलं, काचपट्टीवर घेतलं, दिवा बंद केला.

बिनऔषधाच्या मादीत पोषक पेशींची पंधरा मोठी निळी केंद्रकं, आणि त्यांच्या आजूबाजूच्या पेशीद्रवात सगळीकडे बारीक निळे ठिपके, काळ्या दगडावर रांगोळी झटकावी तसे. अंडपेशीतही तेच. आई पुढच्या पिढीला जीवाणू देते तो या वाटेने. किती वेळ आम्ही तिघी एकाच डोळ्यापाशी आळीपाळीने वाकत होतो कोण जाणे.

मग औषधवाली मादी. केंद्रकं तशीच, पंधरा. बाजूचा पेशीद्रव काळा. ठिपके नाहीत. दुसरी मादी, तिसरी, आठवी. नाहीत.

औषधाने काम केव्हाच केलं होतं. मग बँड कशाचा?

१२ ऑक्टोबर

शोधायला बसल्यावर तासाभरात सापडलं. २००७ साली ‘सायन्स’मध्ये ज्युली डनिंग हॉटॉप आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलंय, आणि तेही अननासीतच. हवाईतल्या अननासीच्या वाणात वोल्बाकियाचा जवळजवळ अख्खा जीनोम चिलटाच्या स्वतःच्या गुणसूत्रात जाऊन बसलेला आहे. प्रतिजैविक जीवाणूला मारतं, गुणसूत्राला काय करणार? त्यांनाही औषधानंतर वोल्बाकियाची जनुकं मिळत राहिली होती.

आमच्याकडे तसंच आहे हे नुसतं वाचून म्हणता येत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवायला पैसेही फारसे लागत नाहीत. जीवाणू अंड्यातून, म्हणजे आईकडून येतो. शुक्राणूत तो जात नाही. गुणसूत्र मात्र बापाकडूनही येतं. म्हणून बँड असलेला बाप, बँड नसलेली आई, आणि पिल्लांत बँड आहे का ते पाहायचं. बँड नसलेली घराणी आमच्याकडे जूनपासूनच होती. क्रमांक ३ ची फळी एवढे महिने ‘निरोगी, काम नाही’ म्हणून कोपऱ्यात होती.

१६ ते २२ ऑक्टोबर

आई कुमारी हवी. २५ अंशांवर कोशातून निघालेली मादी पहिले सातेक तास नराला घेत नाही, त्यामुळे सकाळी सातला कुपी रिकामी करायची आणि दुपारी एकच्या आत निघालेल्या माद्या उचलायच्या. ताजी मादी फिकट असते, पोटावर काळपट ठिपका दिसतो. नर काळ्या बुडावरून ओळखण्याची सोय नाही, म्हणून प्रत्येकीचे पुढचे पाय पाहिले. उचललेल्या माद्या तीन दिवस एकट्या ठेवल्या. एका कुपीत अळ्या दिसल्या, ती मादी बाद.

एका कुपीत एकच जोडी. आई घराणं ३ ची, बाप घराणं ७ चा, तीन पिढ्या औषध घेतलेला. अशा तीन जोड्या. चौथी जोडी तुलनेसाठी, आई-बाप दोन्ही घराणं ३ चे.

७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीचं शेवटचं जेल. प्रत्येक जोडीची आठ पिल्लं.

पहिली जोडी, आठपैकी आठ बँड. दुसरी, आठपैकी आठ. तिसरी, आठपैकी पाच. तुलनेची जोडी, आठपैकी शून्य. पाणी स्वच्छ. सीओ-१ बत्तीसच्या बत्तीस.

बँड बापाकडून आला. तिसऱ्या जोडीतल्या बापाच्या एकाच गुणसूत्रावर तो तुकडा असावा, म्हणून पिल्लांत वाटणी झाली. संपूर्ण जीनोम आहे की तुकडाच, हे आमच्या एका जनुकावरून सांगता येणार नाही आणि आम्ही तसं लिहिणारही नाही. ‘घराणं ७ मध्ये डब्ल्यूएसपीची प्रत बापाकडून उतरते’, प्रबंधात वाक्य एवढंच जाईल.

मोठीने जेलचा फोटो वहीत चिकटवला आणि खाली ४ ऑक्टोबरच्या जेलचा लावला. तिच्या हातून काही चुकलेलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

आता जुलैमधला फळा खोटा ठरला. ‘११ बाधित’ म्हणजे ११ घराण्यांत वोल्बाकियाचं जनुक आहे. जिवंत जीवाणू किती घराण्यांत, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अंडाशयातच. पुन्हा एक दुपार मागून घेतली. औषध न दिलेली चार घराणी पाहिली. ५, ७ आणि ११ मध्ये ठिपके भरपूर. १४ मध्ये एकही नाही, दहा माद्या पाहिल्या. म्हणजे १४ मध्ये बँड आहे पण जीवाणू नाही, औषधाशिवायच. पकडलं तेव्हाच नव्हता किंवा आमच्या कुप्यांत गळाला, ते आता कळायची सोय नाही, कारण जूनमध्ये आम्ही अंडाशय पाहिलेच नाहीत. पुढच्या वेळी मूळ मादीनं अंडी घातली की तिचाच अंडाशय काढून पाहणार.

खर्च : अगर २,६००, प्रोपिओनिक आम्ल ६००, प्रायमर १,९५०, टाकची दोन किटं ६,८००, टेट्रासायक्लिनच्या दोन बाटल्या १,८००, सिक्वेन्सिंग १,८००. एकूण १५,५५० रुपये, त्यातलं दुसरं किट नि दुसरी बाटली मिळून ४,३०० वाया. रवा, गूळ नि केळी घरची.

कुणी अननासीवर सुरू करणार असेल तर औषधाच्या आधी बापाकडून बँड येतो का तो क्रॉस लावा, तीन आठवड्यांचं काम आहे. मेलॅनोगॅस्टरवर करणार असाल तर हा गुंता भेटणार नाही, पण आधी पुढचे पाय पाहून ती मेलॅनोगॅस्टरच आहे याची खात्री करा.

अंडी मोजण्याचं काम जानेवारीत. घराणं ७ चे औषध घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट त्यासाठी ठेवलेत. औषधवाला गट आता दोन पिढ्या साध्या खाद्यावर राहील, म्हणजे औषधाचा मागे राहिलेला परिणाम अंड्यांवर दिसणार नाही. मामांनी आज सगळ्या कुप्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. ‘बाधित’ शब्द काढला. आता प्रत्येक चिठ्ठीवर दोन चौकटी आहेत, एक ‘बँड’ आणि एक ‘ठिपके’.